बॉल रिटर्न: दुखणं पुढे, कारण मागे (देखभालीचा धागा)

मागचीबाजू

बोलिंगच्या यंत्रांवर बोलताना सगळी चर्चा पिना उभ्या करणाऱ्या मशीनभोवती फिरते. बॉल परत आणणारी यंत्रणा अडेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि अडली की सगळे बॉल ठेवायच्या रॅकजवळच्या लिफ्टचं झाकण उघडतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बॉल लिफ्टच्या तोंडाशी थांबला म्हणजे लिफ्ट बिघडली असं नाही. बहुतेक वेळा तो मागूनच मरत मरत आलेला असतो.

धागा फक्त नेहमीच्या देखभालीसाठी काढतोय. आधी बॉलचा रस्ता, म्हणजे पुढे शब्दांचा घोळ नको.

बॉल पिना पाडून मागच्या कुशनवर आदळतो आणि पिटमधल्या, म्हणजे पिनांमागच्या खड्ड्यातल्या, कार्पेटवर पडतो. कार्पेट त्याला मागे आणि बाजूला, बॉल डोअरकडे नेतं. दार उघडलं की बॉल ॲक्सिलरेटरमध्ये जातो. तिथे फिरता पट्टा बॉलला खालच्या रुळांवर दाबून पुढे फेकतो. मग दोन लेनच्या मधल्या झाकणाखालून, म्हणजे कॅपिंगखालून जाणारा ट्रॅक, शेवटी लिफ्ट (फिरतं चाक, म्हणजे टायर, बॉलला समोरच्या सळ्यांवर दाबून वर चढवतं), आणि लिफ्टमधून वर रॅकवर. फाउल लाइनपासून (बॉल सोडताना ओलांडायची नसते ती रेघ) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, त्यापुढे पिना उभ्या असतात तो पिनडेक, अलीकडे खेळाडू चालत येतो तो किमान १५ फुटांचा अप्रोच. म्हणजे एकाच धक्क्याच्या जोरावर बॉलला जवळजवळ २३ मीटर जायचं असतं. वाटेत त्याला दुसरं कोणी ढकलत नाही.

मशीन ब्रन्सविकचं असो की एएमएफचं, भागांची नावं आणि मांडणी थोडीफार बदलते. घर्षणाचं गणित तेच राहतं. दोरीवाल्या मशीनमध्ये पिना दोरीने उचलल्या जातात, पण बॉलचा परतीचा प्रवास जवळपास असाच.

माझा क्रम असा: आधी साफ करा, मग मोजा, मग बघा, आणि सगळ्यात शेवटी पाना हातात घ्या. तेलकट पट्ट्याचा ताण वाढवून बॉल चालता केला तर आठ दिवसांनी बेअरिंग ओरडायला लागतं.

कुलूपकिल्ली

साफसफाईच्याही आधी एक गोष्ट. पुष्कळ ठिकाणी जोडीतल्या दोन्ही लेनना मिळून एकच ॲक्सिलरेटर असतो. डावं मशीन बंद केलं म्हणून ॲक्सिलरेटर थांबतोच असं नाही, उजव्या लेनवर बॉल आला की तो फिरतो. म्हणून:

जोडीतली दोन्ही मशीनं मुख्य स्विचवर बंद करा, कुलूप लावा, टॅग लावा. किल्ली तुमच्या खिशात. पुढच्या लिफ्टची वीज वेगळी असते, रॅकखालचा प्लग स्वतः काढा आणि बाहेर ओढून दिसेल असा ठेवा. काउंटरवर सांगून ठेवा, कारण तिथल्या संगणकावरून लेन चालू करता येते. त्यानंतर चालू करायचं बटण एकदा मुद्दाम दाबून बघा. काही हललं नाही तरच हात आत.

दोन सापळे आहेत. पहिला, ओव्हरलोड होऊन थांबलेली मोटर. काही मोटरींचा थर्मल ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) गार झाला की आपोआप जुळतो. बंद पडलेली लिफ्ट तुमची बोटं आत असताना फिरू शकते. दुसरा, अडकलेला बॉल. तो स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. वीज बंद असली तरी स्प्रिंगचा ताण तसाच असतो. १६ पौंडी बॉल, म्हणजे सव्वासात किलो, सुटला की उडी मारतो. आधी टेन्शनर सैल करा, मग बॉल काढा, आणि चेहरा बॉलच्या रेषेत ठेवू नका.

पट्टापुली

कुलूपकिल्ली यांच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आता ॲक्सिलरेटरच्या पट्ट्याबद्दल.

पट्टा घसरतो त्याचं पहिलं कारण लेनवर मुद्दाम मारलेलं तेल. नेहमीच्या पॅटर्नमध्ये एका लेनवर साधारण २० ते ३० मिली तेल पडतं, आणि तेही पहिल्या ४० फुटांत. बॉल तेल घेऊन पिटमध्ये येतो, तिथून ते कार्पेटला, पट्ट्याला, ट्रॅकला आणि लिफ्टच्या टायरला लागतं. गंमत म्हणजे हौशी गिऱ्हाईकांचे पॉलिएस्टरचे बॉल तेल शोषत नाहीत, सगळी फिल्म वरच राहते आणि आपल्या यंत्राला पोहोचते. रिॲक्टिव्ह (सच्छिद्र रेझिनच्या पृष्ठाचा) बॉल बरंचसं तेल पोटात घेतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीनंतर पट्टा जास्त माखलेला सापडतो.

साफ करायची पद्धत: वीज बंद. सुती, धागे न सोडणारं फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा, निथळतं नको. पट्टा हाताने पुली फिरवत वीत-वीत पुढे घ्या आणि प्रत्येक तुकडा पुसा. फडकं काळं झालं की बदला, नाहीतर तेच तेल पुढे पसरत जातं. शेवटचं फडकं जवळपास स्वच्छ निघालं पाहिजे. पट्ट्याची आतली बाजूसुद्धा पुसा. पुली आणि पट्ट्यामध्ये तेल असेल तर मोटर पूर्ण वेगाने फिरते आणि पट्टा आळशासारखा मागे रेंगाळतो. बाहेरची बाजू चकचकीत करून काही उपयोग होत नाही. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत चालू करू नका, ते पेट घेणारं आहे आणि जवळ मोटर आहे.

थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना हात लावू नका. रबर आणि पॉलियुरेथेन फुगतं, नंतर भेगा पडतात. चालत्या पट्ट्यावर फडकं धरणाऱ्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येणार नाही.

बिनआवाजी

बेल्ट ड्रेसिंगचा फवारा मारला तर? लगेच पकड येते असा अनुभव बरेच जण सांगतात.

पट्टापुली

येते, काही दिवस. तो फवारा म्हणजे चिकट राळ. बॉल त्याच पट्ट्याला लागतो, त्यामुळे राळ बॉलवर, तिथून गिऱ्हाइकाच्या हातावर आणि लेनवर. वर पिटमधली धूळ आणि रबराची भुकटी तिला चिकटते. महिन्याभरात पट्ट्यावर काळा पापुद्रा तयार होतो आणि तो पट्ट्यापेक्षा गुळगुळीत असतो. मग पट्टाच बदलावा लागतो.

पुसूनही पट्टा चमकत असेल तर तो झिलई धरलेला आहे. ८० ते १२० नंबरच्या पॉलिशपेपरने, वीज बंद ठेवून, हलक्या हाताने आडवं घासलं तर तात्पुरती पकड येते. तेवढ्यात नवा पट्टा मागवा. कडा दशा सुटलेल्या, जोड उचकटलेला किंवा आतला कापडी थर दिसायला लागलेला असेल तर घासत बसू नका.

मिलिमीटर

थोडं गणित घालतो, कारण त्यावरून बरेच गोंधळ सुटतात.

बॉल एका बाजूने फिरत्या पट्ट्याला आणि दुसऱ्या बाजूने स्थिर रुळाला टेकलेला असतो. न घसरता लोळत असेल तर बॉलच्या मध्याचा वेग पट्ट्याच्या वेगाच्या निम्मा असतो. ॲक्सिलरेटरला हे लागू होतं, पुढच्या लिफ्टलाही. याचा अर्थ पकड दोन्ही बाजूंना लागते. पट्टा कोरडा ठणठणीत आणि रूळ तेलकट असेल तर बॉल जागच्या जागी गरागरा फिरतो, पुढे सरकत नाही. लोक टायर पुसतात, पट्टा पुसतात आणि समोरचे रूळ विसरतात.

दुसरं, बॉलचा व्यास. नियमाप्रमाणे ८.५०० ते ८.५९५ इंच, म्हणजे २१५.९ ते २१८.३ मिमी. जेमतेम अडीच मिमीचा फरक. वारंवार घासून पॉलिश केलेले सेंटरच्या मालकीचे बॉल खालच्या टोकाला किंवा त्याच्याही खाली गेलेले असतात. एकच बॉल सगळ्या लेनवर अडत असेल तर लेन तपासू नका, बॉल मोजा. कॅलिपर तीन दिशांना लावा, कारण झिजलेला बॉल गोलही राहिलेला नसतो.

तिसरं, वजन. तक्रार नेहमी ६ किंवा ८ पौंडी बॉलची येते आणि उत्तर मिळतं की हलका बॉल आहे, चालायचंच. पण तेवढ्याच वेगाने निघालेले हलका आणि जड बॉल लोळण्याच्या घर्षणाने सारखेच मंदावतात, कारण ते घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं. चढणही तेवढीच चढतात. फरक पडतो तो ठरावीक जोराच्या अडथळ्याने: ट्रॅकमध्ये आलेली पट्टी, घासणारा गार्ड, दाराची ताठ स्प्रिंग. तोच जोर ६ पौंडी बॉलला १६ पौंडीच्या पावणेतीन पट रोखतो. आणि पकडीच्या बाबतीत जड बॉलला स्वतःच्या वजनाची मदत मिळते, हलक्याला फक्त स्प्रिंगच्या दाबाची. तेव्हा ६ पौंडी बॉलला तुमचा फुकटचा सेन्सर समजा. तो अडायला लागला की पुढच्या काही आठवड्यांत १० पौंडीही अडणार.

मागचीबाजू

मिलिमीटर, निम्म्या वेगाचा मुद्दा इतका साधा आहे आणि तरी तो मांडलेला फारसा दिसत नाही. आभार.

मोजण्याबद्दल लिहायचं होतं ते इथे जोडतो. स्टॉपवॉच घ्या. बॉल कुशनवर आदळल्याचा आवाज ते बॉल रॅकवर दिसणं, एवढा वेळ मोजा. प्रत्येक लेनवर ६, १० आणि १६ पौंडी बॉल, प्रत्येकी तीन वेळा. सरासरीपेक्षा तिन्हींमधला फरक बघा. तिन्ही वेळा सारखी आली तर यंत्र निरोगी. एक वेळ भलतीच जास्त आली तर कुठेतरी बॉल रेंगाळतोय, बहुधा दाराशी. आदर्श सेकंद किती हे विचारू नका, मशीनमशीनला वेगळे असतात. लेन ठीक असताना मोजलेला आकडा हाच त्या लेनचा आदर्श. तो कॅपिंगच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, वही हरवते.

मोजणी तेल मारल्यावर लगेच करा. तेव्हा बॉल सर्वात ओला असतो. सकाळी अडणारी आणि संध्याकाळी सुधारणारी लेन ही बेल्टच्या पकडीची खूण आहे. उलट सकाळी ठीक आणि संध्याकाळी अडत असेल तर तापणाऱ्या मोटरकडे किंवा बेअरिंगकडे बघा.

उलटाफेरा

बॉल डोअरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दाराची दोन कामं: बॉल सोडायचा आणि पिन अडवायची. पिन १५ इंच उंच, सर्वात जाड जागी ४.७५ इंच, म्हणजे १२१ मिमी. बॉल २१६. या फरकावर सगळा खेळ आहे. पिन ॲक्सिलरेटरमध्ये गेली तर पट्टा जातो, कधी गार्डही वाकतो.

फोटोसेल (प्रकाशावर चालणारा सेन्सर) असलेल्या दाराला दर आठवड्याला काच पुसणं एवढंच पुरतं, पण ते करायलाच हवं. तेल आणि रबराची भुकटी मिळून करड्या रंगाचा थर धरतात, नुसत्या नजरेला काच स्वच्छच वाटते. मऊ कोरडं फडकं, मग किंचित अल्कोहोल, परत कोरडं. पाठवणारी आणि घेणारी दोन्ही बाजू, आणि रिफ्लेक्टर असेल तर तोही. पुसताना सेन्सर हलला तर दिवा बघून परत सरळ करा. अर्धवट जुळलेला सेन्सर कधी चालतो, कधी नाही. दिवसभर शोधायला लावणारा दोष हाच.

दाराच्या बिजागरीत खेळ वाढला की दार तिरकं बंद होतं, कडेला फट राहते आणि पिनेचा गळा तिथे अडकतो. दार हाताने उघडून सोडा. स्वतःच्या ताकदीने, न घासता, पूर्ण बंद झालं पाहिजे. बिजागरीला पातळ तेल मारू नका, ते खाली गळतं आणि थेट बॉलवर येतं. कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण, तेही पुसून.

पिटचं कार्पेट पातळ झालं, मध्ये लव उरली नाही, की बॉल त्यावर फिरत बसतो आणि दाराकडे वेळेत जात नाही. खालचे रोलर आणि कोपरे व्हॅक्यूम करा. पिनेच्या प्लास्टिकचे तुकडे, बॉलच्या अंगठ्याच्या भोकातली सुटलेली रबरी इन्सर्टं, नाणी, पेन्सिली, सगळं तिथे सापडतं. इन्सर्ट विशेष वाईट. ती ट्रॅकवर जाऊन पडतात आणि बॉलला ब्रेक लावतात.

नवाकामगार

नमस्कार. एका जोडीत ८ पौंडी बॉल लिफ्टच्या तोंडाशी येऊन थांबतो, मागून दुसरा बॉल येऊन आदळला की दोन्ही वर जातात. १२ पौंडी आणि त्यापुढचे व्यवस्थित येतात. ॲक्सिलरेटरचा पट्टा पुसला आहे. लिफ्टचा टायर बदलून बघू का?

मिलिमीटर

थांबा, टायर बदलू नका. आधी दोन शक्यता वेगळ्या करू. वीज बंद करून लिफ्टच्या अलीकडचं कॅपिंग उघडा. मग हात लांब ठेवून, एक माणूस स्विचपाशी उभा करून, वीज चालू करा आणि तोच ८ पौंडी बॉल लिफ्टच्या तोंडापासून साधारण एक मीटर मागे ट्रॅकवर हळूच सोडा. लिफ्टने त्याला उचलला तर लिफ्ट ठीक आहे, बॉल मागूनच मंद येतोय. बॉल टायरला टेकून जागीच फिरायला लागला तर दोष लिफ्टचा. दोन वेळा नाही, दहा वेळा सोडा.

नवाकामगार

दहातून सात वेळा टायरला टेकून फिरत राहिला. टायरची नक्षी दिसते आहे, झिजलेला वाटत नाही.

पट्टापुली

मग लिफ्ट. आता या क्रमाने.

टायरच्या समोरच्या सळ्यांवरचं रबरी किंवा युरेथेनचं आवरण, म्हणजे स्लीव्ह, बोट फिरवून बघा. तेलकट लागली तर टायरसारखीच अल्कोहोलने पुसा. वरून खालपर्यंत, मागची बाजूसुद्धा. काचेसारखी घट्ट आणि चकचकीत झाली असेल तर बदला.

मग टायर आणि सळ्यांमधलं अंतर. वीज बंद करून एक बॉल आत धरा. टायर किंचित दबला पाहिजे. बॉल सहज सरकत असेल तर टायरचा दाब कमी आहे: स्प्रिंग सैल झाली, तिचा हूक घसरला किंवा टायर धरणारा यंत्राचा हात अडकला. हा हात वंगणाअभावी पिव्हटवर (तो ज्या खिळीवर फिरतो तिथे) जाम होणं फार सामान्य आहे. स्प्रिंग काढून हात मोकळा हलतो का बघा. हलत नसेल तर नवी स्प्रिंग लावूनही उपयोग नाही.

शेवटी मोटरकडून टायरकडे जाणारा व्ही-बेल्ट. बॉल टेकला की टायरचा वेग पडतो का? खूण म्हणून टायरवर खडूची रेघ ओढा आणि सुरक्षित अंतरावरून बघा. मोटर त्याच सुरात फिरतेय आणि टायर मंदावतोय, तर व्ही-बेल्ट घसरतोय.

मिलिमीटर

व्ही-बेल्टच्या ताणाचा ढोबळ नियम: दोन पुलींमधल्या मोकळ्या लांबीच्या दर १०० मिमीला १.६ मिमी दबला पाहिजे. ४०० मिमी लांबी असेल तर मधोमध दाबल्यावर ६ मिमीच्या आसपास. मोटर सुरू होताना किंचाळला तर सैल. बेअरिंग हात लावता येणार नाही इतकं तापलं तर घट्ट. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर बेल्ट किंवा खाच झिजून बेल्ट तळाला बसलाय. तो कडांवर पकड घेतो, तळावर नाही, त्यामुळे कितीही ताणला तरी घसरणारच. पुली सरळ रेषेत आहेत का ते पट्टी लावून बघा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. नवा बेल्ट एक-दोन दिवस चालला की बसतो आणि सैल पडतो, तेव्हा परत तपासायचं. हे राहून जातं आणि दोष बेल्टच्या कंपनीला लागतो.

ॲक्सिलरेटरच्या सपाट पट्ट्याचं तंत्र वेगळं. त्याची पुली मध्ये किंचित फुगीर असते आणि पट्टा सर्वात मोठ्या व्यासाकडे चढतो, म्हणून मध्यावर राहतो. पट्टा कडेला पळत असेल तर गार्ड वाकवून त्याला अडवू नका. पुलीचा शाफ्ट तिरका झालाय किंवा पुलीवर एका बाजूला घाण चढलीय.

नवाकामगार

सळ्यांच्या स्लीव्ह पुसल्या, फडकं काळंकुट्ट निघालं. आता दहातून दहा वेळा उचलतो. टायरला हात लावला नाही.

कुरकुर

आता बॉलवर चरे पडण्याबद्दल. स्वतःचा बॉल आणणारा माणूस स्कोअर विसरेल, चरा विसरणार नाही, आणि त्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते.

चऱ्यांचे प्रकार ओळखा. एकाच रेषेत लांब पातळ ओरखडा म्हणजे ट्रॅकवर वर आलेला स्क्रू किंवा फाटलेल्या स्लीव्हमधून उघडी पडलेली सळई. चंद्रकोरीसारखा टवका म्हणजे दोन बॉलांची टक्कर किंवा दाराची धातूची कड. काळा पट्टा म्हणजे रबर, तो बहुधा पुसला जातो. पण गोल, खरखरीत, जळका डाग असेल तर बॉल एका जागी अडून पट्टा किंवा टायर त्यावर फिरत राहिला. रॅक भरलेला असताना हे हमखास होतं: वर जागा नाही, बॉल लिफ्टमध्ये, खाली टायर चालूच. रॅकवर साचलेले सेंटरचे बॉल काढत राहणं हीसुद्धा देखभालच.

उगम शोधायला रंगीत खडू वापरा. दाराच्या कडेला लाल, ॲक्सिलरेटरच्या गार्डला निळा, ट्रॅकच्या जोडांना पिवळा, लिफ्टच्या सळ्यांना हिरवा. एक जुना स्वच्छ धुतलेला बॉल पाचसहा वेळा पाठवा. चऱ्यात जो रंग भरलेला दिसेल तिथे जा.

बिनआवाजी

बॉलला मास्किंग टेप गुंडाळून पाठवतात तेही चांगलं, टेप कुठे फाटते ते स्पष्ट कळतं.

कुरकुर

कळतं, पण टेप सुटून पट्ट्यात गुंडाळली गेली की वेगळाच उद्योग. टेप लावायचीच तर एकच थर, टोकं नखाने दाबून, आणि एका फेरीनंतर काढून बघायची. खडू जास्त बिनधोक. फक्त नंतर खडू पुसून घ्या, त्याची भुकटीही पकड घालवते.

रूळदार

ट्रॅकचा विषय माझा. कॅपिंग उघडून पूर्ण ट्रॅक वर्षातून दोनदा तरी साफ व्हावा, गर्दी जास्त असेल तर तीनदा. कॅलेंडरपेक्षा मशीनच्या फ्रेमच्या (खेळलेल्या पाळ्यांच्या) आकड्यावर ठरवलेलं बरं, कारण कडेच्या लेन आणि मधल्या लेन यांच्या वापरात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एका टोकाकडून कॅपिंग काढत जा, स्क्रू तुकड्यानुसार वेगळ्या डब्यात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर त्याचं टोक ट्रॅकमध्ये उतरतं, आणि वर कुरकुर यांनी लिहिलेला लांब ओरखडा तिथून येतो. आधी व्हॅक्यूम, मग अल्कोहोलचं फडकं, दोन्ही रुळांच्या बॉल टेकतो त्या कडांवर. त्या कडांवर काळी रेघ दिसते, बाकीचा रूळ स्वच्छ असतो. ती रेघ मधेच बाजूला सरकलेली दिसली तर तिथे रुळांमधलं अंतर बदललंय.

जोडांवर नख फिरवा. नख अडकलं तर बॉलही अडकतो. बॉल ज्या जोडावरून जातो तो वर आला असेल तर कानस मारून उतार द्या, खाली गेला असेल तर पातळ पत्रा घालून वर घ्या. स्क्रू घट्ट करून काम भागेल असं वाटतं, पण खालचं लाकूड बसलेलं असेल तर स्क्रू दोन दिवसांत परत ढिला.

आवाजावरूनही कळतं. लेन शांत असताना १६ पौंडी बॉल पाठवा आणि कॅपिंगच्या बाजूने कान देऊन चाला. समान अंतरावरचे हलके ठक-ठक म्हणजे जोड. त्यात एक मोठा ठक आला की त्याच्या वर चिकटपट्टीची खूण करा.

उलटाफेरा

समान ठक-ठक ट्रॅकवर नाही तर लिफ्टमध्ये येत असतील तर टायरला सपाट जागा पडली आहे. बॉल नसतानाही वेगाने ठक-ठक येत असेल तर सपाट पट्ट्याचा जोड किंवा बेअरिंग.

पट्टापुली

बेअरिंगवरून: सीलबंद बेअरिंगला ग्रीस भरायचा प्रयत्न करू नका, सील फाटतं. नंबर कडेला कोरलेला असतो. ६२०४-२आरएस म्हणजे आतला व्यास २०, बाहेरचा ४७, रुंदी १४ मिमी आणि दोन्ही बाजूंना रबरी सील. काढण्याआधी फोटो काढा. बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकून शाफ्टवर चढवू नका. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवर, घरात बसवताना बाहेरच्या. उलट केलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखर करतं.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, हाताने ढकललं की फिरते असं वाटलं तर कॅपॅसिटर. ढकलून बघण्यासाठी हात आत घालू नका, वीज बंद करून कॅपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मोजा. छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरला तर बदला.

सुट्या भागांचं कपाट: ॲक्सिलरेटरचा एक पट्टा, लिफ्टचे दोन व्ही-बेल्ट, एक टायर, दोन मीटर स्लीव्ह, दोन्ही ठिकाणच्या स्प्रिंगा, बेअरिंगची एक जोडी, कॅपॅसिटर, फोटोसेल, फ्यूज. पट्टे टांगून ठेवू नका, खिळ्यावर घडी पडते. सैल गुंडाळी करून उन्हापासून लांब.

नवाकामगार

स्लीव्ह बदलायचीच झाली तर सळईवर चढतच नाही. चिरून बसवू का?

रूळदार

चिरू नका. चिरलेली स्लीव्ह टायरच्या ओढीने फिरते आणि चीर बॉलसमोर येते. सळई पूर्ण सोडवा, जुनी कापून काढा, गोंदाचे अवशेष खरवडा. नवी स्लीव्ह गरम पाण्यात पाचएक मिनिटं ठेवा, सळईला अल्कोहोल लावा आणि पिळत पिळत एकाच दमात चढवा. मधे थांबलात की तिथेच बसते. अल्कोहोल उडालं की ती घट्ट धरते. साबणाचं पाणी वापरू नका, ते आत राहतं आणि स्लीव्ह सळईवर फिरत राहते. लांबी दोन्ही टोकांना पाच-सात मिमी जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा, कारण ओढून चढवलेली स्लीव्ह रात्रीत थोडी आखडते.